गावच्या गणपतीचं चित्रण : कॅमकॉर्डरच्या सेटिंगच्या प्रकल्प नोंदी

२० जुलै २०२५

काम ठरलं ते असं. कुडाळ तालुक्यातल्या घरी गणपती बसतो, गौरीबरोबर सातव्या दिवशी जातो. तेवढ्या दिवसांचं चित्रण करायचं: पूजा, दोन वेळच्या आरत्या, रात्रीचं भजन, फुगड्या, विसर्जन आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या निवांत बसून केलेल्या गप्पा. पंचवीस-तीस वर्षांनीही ते पाहता आणि ऐकता आलं पाहिजे. तालीम डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, प्रत्यक्ष काम गावात.

हाताशी दोन कॅमेरे आहेत. पहिला भारतात घेतलेला ४के हँडीकॅम, ५० हर्ट्‌झ पद्धतीचा, मॅन्युअल डायल असलेला. दुसरा अमेरिकेतून आलेला फुल एचडी कॅमकॉर्डर, ६०आय (सेकंदाला साठ अर्धी चित्रं, एकाआड एक ओळींची). शिवाय हातात मावणारा वेगळा ध्वनिमुद्रक, ट्रायपॉड आणि १२८ जीबीची दोन कार्डं.

सेटिंग ठरवताना बहुतेक जण रिझोल्यूशनपासून सुरुवात करतात. आमचा क्रम उलटा आहे. घरगुती चित्रण खराब होतं ते आधी आवाजामुळे, मग दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे, मग हलत्या कॅमेऱ्यामुळे. पिक्सेल कमी पडले म्हणून एखादी चित्रफीत कोणी बघितली नाही, असं सहसा होत नाही. आजीचा आवाज पंख्याच्या घरघरीत बुडाला, तर मात्र ती फीत कपाटातच राहते.

२२ जुलै

मोडचा हिशेब. सेकंदाला लागणाऱ्या मेगाबिटला आठने भागलं की मेगाबाइट मिळतात, त्याला ३,६०० ने गुणलं की तासाला लागणारी जागा.

एव्हीसीएचडी ही चित्रण साठवण्याची जुनी पद्धत, तिच्यात पाच पायऱ्या आहेत. पीएस म्हणजे १०८०/५०पी (१०८० ओळींची, सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं), २८ मेगाबिट, तासाला १२.६ जीबी. एफएक्स म्हणजे १०८०/५०आय, २४ मेगाबिट, १०.८ जीबी. एफएच १७ मेगाबिट, साधारण ७.६ जीबी. एचक्यू ९ मेगाबिट, ४ जीबी. एलपी ५ मेगाबिट, सव्वादोन जीबी. शेवटच्या दोन्हींत चित्र १४४० बाय १०८० मध्ये साठवलं जातं आणि दाखवताना आडवं ताणलं जातं. हे आकडे कमाल किंवा सरासरी गतीचे आहेत. स्थिर दृश्यात फाइल याहून लहान होते.

एक्सएव्हीसी एस ही नवी पद्धत. तिच्यात १०८०/५०पी ५० मेगाबिटला, तासाला २२.५ जीबी. ४के फक्त २५पी, ६० किंवा १०० मेगाबिट, म्हणजे तासाला २७ किंवा ४५ जीबी.

एलपी आणि एचक्यू लगेच बाद केले. कार्ड महाग होतं तेव्हा त्यांना अर्थ होता. कमी बिटरेटची झळ नेमकी आपल्या प्रसंगांना बसते: गुलाल उडतो, अक्षता पडतात, पाऊस येतो, विसर्जनाचं पाणी हलतं. फ्रेममधला प्रत्येक ठिपका बदलत असला की एनकोडरला (चित्र दाबून साठवणाऱ्या भागाला) आधीच्या फ्रेममधून उचलायला काहीच उरत नाही, आणि चित्राचे चौकोन पडतात. ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाहीत.

खरी निवड पीएस आणि एक्सएव्हीसी एस एचडी यांच्यात. दोन्ही ५०पी, दोन्हीचं चित्र एच.२६४ मध्ये. चित्रातला फरक स्थिर दृश्यात जाणवत नाही, आवाजातला जाणवतो. एव्हीसीएचडीमध्ये आवाज दाबून ठेवला जातो, डॉल्बी डिजिटल, दोन चॅनेलला बहुधा २५६ किलोबिट. एक्सएव्हीसी एसमध्ये न दाबलेला पीसीएम, ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, म्हणजे सेकंदाला १,५३६ किलोबिट. झांजेसारखा वरच्या स्वरांनी भरलेला, झटक्यात येणारा आवाज दाबताना आधी बिघडतो, झणत्काराला पाणचट सळसळ येते. मुख्य मोड म्हणून एक्सएव्हीसी एस धरला.

२६ जुलै

कार्डं. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. क्लास १० ची हमी सेकंदाला १० मेगाबाइटची, म्हणून १०० मेगाबिटला कॅमेरा यू३ कार्ड मागतो (हमी ३० मेगाबाइट). ५० मेगाबिटला ६.२५ मेगाबाइट लागतात, तिथे क्लास १० पुरतं. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला ९० किंवा १०० चा आकडा वाचनाचा असतो. चित्रणासाठी पाहायचा तो यू किंवा व्ही हे चिन्ह आणि त्याच्याजवळचा अंक.

दोन्ही कार्डं एच२टेस्टडब्ल्यू या चाचणीच्या प्रोग्रामने काठोकाठ भरून परत वाचली. बनावट कार्ड संगणकाला १२८ जीबी दाखवतं आणि आत ८ किंवा १६ असतं. त्यापुढचं लिखाण आधीच्यावर चढतं किंवा हवेत जातं. थोड्या फाइली टाकून हे कळत नाही, पूर्ण भरूनच पाहावं लागतं. दोन्ही कार्डं खरी निघाली.

त्यानंतर फॉरमॅट, तो कॅमेऱ्यातच. संगणकावर केलेला फॉरमॅट कॅमेरा स्वीकारतो, पण फोल्डरांची मांडणी आणि क्लिपची यादी त्याला स्वतःची हवी असते. ती नसली की ऐन आरतीच्या वेळी पडद्यावर डेटाबेस दुरुस्त करू का, असं विचारतो.

घड्याळ लावलं. प्रदेश भारताचा, साडेपाच तासांचा. हँडीकॅममधली घड्याळाची छोटी बॅटरी कॅमेरा तीनेक महिने पडून राहिला की उतरते आणि तारीख जाते. अॅडॉप्टरला लावून, पडदा मिटून चोवीस तास ठेवला की ती परत भरते. तारीख चित्रावर छापली जात नाही, फाइलच्या आत राहते. म्हणून चुकीची तारीख चित्र बघताना खटकत नाही. दहा वर्षांनी कोणती फीत कोणत्या गणपतीची, हे लावताना छळते.

२ ऑगस्ट

लुकलुक चाचणी. या सगळ्या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

भारतात वीज ५० हर्ट्‌झची. साधी ट्यूब, बल्ब आणि बरेचसे एलईडी दिवे विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीला उजळतात, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा किती भाग उजेड मिळतो ते, १/१०० असलं की प्रत्येक फ्रेमला अशी एक पूर्ण झळाळी मिळते, १/५० असलं की दोन. दोन्हीकडे सगळ्या फ्रेम सारख्या उजळतात. १/१२० किंवा १/२५० ठेवलं की पडद्यावर आडवे काळसर पट्टे सरकतात, कारण सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि प्रत्येक ओळीला झळाळीचा वेगळा तुकडा मिळतो.

आता मखराभोवतीची दिव्यांची माळ. बाजारातल्या स्वस्त माळांमध्ये लहरीचा एकच अर्धा भाग वापरलेला असतो. त्या सेकंदाला ५० वेळाच पेटतात आणि मधला अर्धा वेळ पूर्ण विझलेल्या असतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. ट्यूबला चालणारं १/१०० इथे फसतं: माळेचा वरचा भाग पेटलेला आणि खालचा विझलेला दिसतो, आणि ती सीमा हळूहळू सरकत राहते, कारण विजेची वारंवारता अगदी तंतोतंत ५० नसते. १/५० ला प्रत्येक ओळीला एक पूर्ण पेट-विझ मिळते आणि माळ शांत होते.

चाचणीची पद्धत सोपी. खोलीत फक्त ती एक माळ लावायची, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर १/५०, १/१००, १/२५० असं बदलत प्रत्येकी अर्धा मिनिट घ्यायचं आणि ते टीव्हीवर बघायचं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पट्टे निसटतात. आमच्या चारपैकी एका माळेचा नियंत्रक मंद-प्रखर खेळ करताना स्वतःच्याच गतीने दिवे कापतो, ती १/५० लाही थरथरते. तिचं बटण सतत पेटत्या स्थितीवर ठेवलं की थांबते. गावी नेताना तिच्यावर तशी चिठ्ठी लावली.

निर्णय: घरात शटर १/५० वर कुलूपबंद, डायलवर. शटर ऑटोवर सोडलं की मखराचा प्रकाश वाढताच कॅमेरा शटर चढवतो आणि पट्टे परत येतात. ऑटो स्लो शटर बंद. ते चालू राहिलं तर अंधारात शटर १/२५ वर उतरतं आणि आरती ओवाळणाऱ्या हाताची नुसती रेघ उरते.

३ ऑगस्ट

अमेरिकी कॅमेऱ्याचा प्रश्न. परदेशातले नातेवाईक गणपतीला येताना हौसेने कॅमेरा आणतात, त्यामुळे हा घरोघरीचा विषय आहे.

तो सेकंदाला साठ वेळा चित्र घेतो आणि आपले दिवे शंभर वेळा उजळतात. शंभराला साठने भाग जात नाही. उरतं ते सेकंदाला वीसेक वेळा जाणवणारं स्पंदन. सगळी खोली फडफडताना दिसते. शटर १/१०० केलं की ट्यूबखालची फडफड जाते. माळेला मात्र १/५० लागतं, आणि ६०आय कॅमेऱ्यात प्रत्येक चित्राला १/६० सेकंदच मिळतो, त्यामुळे ते नीट जमतच नाही. बहुतेक घरगुती कॅमकॉर्डरमध्ये ६० चं ५० करायची सोयही नसते.

शिवाय ६० चं चित्रण ५० च्या टाइमलाइनवर (संपादनाच्या पट्टीवर) आणताना सेकंदाला दहा चित्रं गाळावी लागतात, कॅमेरा फिरला की हिसके दिसतात. मधली चित्रं सॉफ्टवेअरने बनवून घ्यावीत, तर टाळ वाजवणाऱ्या बोटांचा चिखल होतो.

हा कॅमेरा दिवसाउजेडी, खळ्यात, सूर्यप्रकाशातल्या कामालाच वापरायचा. त्याच्या क्लिप वेगळ्या फोल्डरमध्ये आणि त्यांची फीतही वेगळी.

१२ ऑगस्ट

मंगळवार. शेजारच्या इमारतीत मंगळागौर होती, परवानगी घेऊन खेळांवर गतीची चाचणी केली. ५०आय, ५०पी आणि २५पी यांतला फरक दाखवायला फुगडीसारखा विषय नाही.

दोघींची फुगडी सेकंदाला एक फेरा घेत असेल आणि वेणीचं टोक मध्यापासून पाऊण मीटरवर असेल, तर ते टोक सेकंदाला साधारण ४.७ मीटर जातं. म्हणजे १/५० सेकंदात नऊ सेंटिमीटर.

५०आय मध्ये एका फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, प्रत्येकी ५४० ओळींची, १/५० सेकंदाच्या अंतराने घेतलेली. फ्रेम थांबवली की वेणी कंगव्याच्या दातांसारखी फाटलेली दिसते, दाते नऊ सेंटिमीटरचे. जुन्या ट्यूबच्या टीव्हीला हे चालायचं, कारण तो फील्ड एकामागून एकच दाखवायचा. आजचा प्रत्येक पडदा आधी दोन्ही फील्ड जुळवतो, आणि जुळवणी किती चांगली हे त्या टीव्हीवर अवलंबून. २५पी मध्ये दाते नाहीत, पण वेणी दर चित्राला एकोणीस सेंटिमीटर उडी मारते. झिम्म्याच्या टाळ्यांमधल्या निम्म्या हातात लागतात, निम्म्या नाहीत. ५०पी मध्ये प्रत्येक चित्र पूर्ण, गती सलग. निर्णय सरळ झाला.

एक तडजोड उरते. शटर १/५० असल्यामुळे थांबवलेल्या फ्रेममध्ये वेणी नऊ सेंटिमीटर धूसर दिसते. चालू चित्रात ते खटकत नाही, उलट गती मऊ वाटते. फुगडीतून फोटो काढायचे असतील, तर मागची माळ बंद करून, फक्त ट्यूबच्या उजेडात शटर १/१०० करायचं. धूसरपणा निम्मा होतो. उजेडही निम्मा होतो, हे लक्षात ठेवून जवळ आणखी एक ट्यूब लावायची.

मग ४के कुठे? गप्पा आणि पूजा. तिथे हालचाल थोडी आणि बारकावे पुष्कळ: हातावरच्या सुरकुत्या, ताम्हनावरची नक्षी, समईच्या वाती. २५पी ची क्लिप ५०पी च्या टाइमलाइनवर प्रत्येक चित्र दोनदा दाखवून तंतोतंत बसते, हिसका येत नाही. म्हणून दोन्ही मोड एकाच फितीत सुखाने नांदतात. ४के साठी ६० मेगाबिट निवडले. स्थिर दृश्यात १०० चा फायदा थोडा आणि जागा मात्र दीडपटीहून जास्त.

१६ ऑगस्ट

आवाज. चार जणांना बोलावून, टाळ, झांज आणि घंटा घेऊन फ्लॅटमध्ये आरतीची तालीम केली.

कॅमेऱ्याची आवाजाची पातळी ऑटोवर असली की काय होतं ते कानाला स्पष्ट कळतं. झांज आपटली की कॅमेरा सगळाच आवाज खाली ओढतो, आणि पुढचा क्षणभर म्हणणाऱ्यांचे शब्द बुडतात. झांजा थांबून मंत्रपुष्प सुरू होतं तेव्हा उलट घडतं: पातळी वर चढते, तिच्याबरोबर पंख्याची घरघर आणि स्वयंपाकघरातला कुकर पुढे येतो. आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होत राहतो आणि हे नंतर सुधारता येत नाही.

कॅमेऱ्यात पातळी मॅन्युअल केली. तालमीतल्या सगळ्यात मोठ्या झांजेला मीटर उणे १२ डेसिबलला टेकेल इतकी ठेवली. वरचे बारा डेसिबल मोकळे हवेत, कारण शेवटच्या आरतीला लय चढते, दारातली मुलंही टाळ उचलतात आणि तालमीतला अंदाज मागे पडतो. शून्याला धडकलेला आवाज फाटतो तो कायमचा. कमी घेतलेला आवाज वाढवता येतो. ज्या कॅमेऱ्यात मॅन्युअल पातळी नसते, त्यात माइकची संदर्भ पातळी नॉर्मल आणि लो अशी मिळते. आरतीला लो, गप्पांना नॉर्मल.

वेगळा मुद्रक ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर. ४४.१ वर ठेवायचा नाही, चित्राशी जुळवताना विनाकारण रूपांतर करावं लागतं. कॅमेऱ्याचा माइक चित्रण करणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो, म्हणून कॅमेऱ्यामागचा माणूस आरती म्हणत असेल तर फितीत बहुतांशी तोच ऐकू येतो. मुद्रक म्हणणाऱ्यांसमोर, छातीच्या उंचीला, झांजवाल्यापासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पंख्याच्या थेट झोतात नको आणि माइकवर फोमची टोपी हवी. भजनाला लो कट बंद, नाहीतर पखवाजाच्या धुमेचा तळच कापला जातो. गप्पांना लो कट चालू.

जुळवणीसाठी दोन्ही यंत्रं चालू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखात वीस भागांचा फरक धरला, तर तासाभरात ०.०७ सेकंद सरकतं, म्हणजे ५०पी च्या साडेतीन फ्रेम. ओठ आणि शब्द यांतला तेवढा फरक जाणवायला लागतो. म्हणून दर अर्ध्या तासाला, दोन अभंगांच्या मधल्या वेळी, पुन्हा एक टाळी.

१७ ऑगस्ट

रंग आणि उजेड, थोडक्यात. निरांजनाची ज्योत १,९०० केल्विनच्या आसपास, पिवळा बल्ब २,७००, पांढरी ट्यूब ६,५००. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असला आणि फ्रेम झेंडूने भरली, की कॅमेरा केशरी रंग जास्त झाला असं समजून सगळं निळसर करतो. ट्यूबखाली पांढरा कागद धरून वन पुशने रंग कुलूपबंद केला. ज्योत केशरी दिसते, तशीच दिसायला हवी. उपरण्याचा पांढरा वापरू नये, कापडाला निळीची झाक असते.

झेब्राबद्दल (ठरावीक उजळपणाच्या भागावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या तिरप्या पट्ट्यांबद्दल) सावध. ७० चा झेब्रा गोऱ्या कातडीचा अंदाज धरून वापरला जातो. आपल्या सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यांवर ७० चे पट्टे सगळीकडे आले, तर चेहरा जास्त उजळलेला आहे. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर, जिथे घाम चमकतो, तिथेच थोडे पट्टे दिसावेत.

लाल रंगाचं वेगळं दुखणं. झेब्रा प्रकाशमान मोजतो आणि एचडीच्या सूत्रात लालचा वाटा सुमारे २१ टक्के आहे. त्यामुळे लाल शालूचा लाल चॅनेल काठोकाठ भरून पोत नाहीसा झाला तरी झेब्रा गप्प राहतो. शालू, गुलाल किंवा जास्वंदाचा हार फ्रेममध्ये मोठा असेल तेव्हा एई शिफ्ट (ऑटो उजळपणा कमी-जास्त करायची सोय) एक-दोन पायऱ्या उणे. कापडाची वीण पडद्यावर दिसली की बरोबर.

झूम शेवटापर्यंत नेला की अशा भिंगातून येणारा उजेड जवळपास दोन स्टॉपने घटतो (चौथाईच्या आसपास उरतो) आणि कॅमेरा तो गेन (सेन्सरच्या संकेताची वाढ) चढवून भरून काढतो, म्हणजे दाणे. अंधाऱ्या खोलीत झूम करण्याऐवजी ट्रायपॉड पुढे सरकवावा. डिजिटल झूम कायमचा बंद. ट्रायपॉडवर स्टेडीशॉटही (हलतं चित्र सावरणारी सोय) बंद, नाहीतर कॅमेरा फिरवून थांबवल्यावर चित्र क्षणभर पुढे वाहत जातं.

२५ ऑगस्ट

गावी पोचून जागेवर मांडणी. गणपतीची खोली चिऱ्याची, एकच खिडकी, आणि ती मूर्तीच्या डाव्या हाताला. सकाळच्या पूजेला खिडकी फ्रेमबाहेर राहील असा कॅमेरा ठेवला. खिडकी आत आली की माणसांच्या नुसत्या सावल्या उरतात. माटवी (मूर्तीच्या वर टांगलेली, रानफळांनी-पानांनी सजवलेली चौकट) बांधून झाली आहे, पण तिच्यावर उजेडच पडत नाही. कवंडळं, सुपारीची शिपटं आणि आंब्याचे टाळे ओळखू यावेत म्हणून छताकडे तोंड करून एक एलईडी पट्टी लावली. आधी तिची लुकलुक तपासली.

बसलेल्या माणसांच्या डोळ्यांची उंची जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपास असते, ट्रायपॉड तितक्यावर आणला. उभ्याने वरून घेतलेल्या पूजेत सगळ्यांची डोकीच दिसतात.

इथे वीज जाते. इन्व्हर्टरवर कॅमेऱ्याचा अॅडॉप्टर व्यवस्थित चालतो. ध्वनिमुद्रक मात्र त्याच्या स्वतःच्या बॅटरीवरच ठेवायचा, इन्व्हर्टरवर लावला की त्यात गुणगुण शिरते. वीज गेल्यावर माळा आणि ट्यूब वेगळ्या लहरीवर जातात, १/५० तिथेही चाललं, तपासून घेतलं.

२७ ऑगस्ट

चतुर्थी. प्राणप्रतिष्ठा आणि पूजा ४के २५पी, आरती एक्सएव्हीसी एस एचडी ५०पी. मोड बदलायला मेनूत जावं लागतं आणि तेवढा वेळ कॅमेरा आंधळा असतो. म्हणून नैवेद्य दाखवून झाल्यावर, आरतीची तबकं तयार होत असताना बदल केला. ड्युअल रेकॉर्ड चालू ठेवलं आहे: मुख्य फाइलबरोबर ७२०पी ची छोटी एमपी४ बनते, ती परदेशातल्या नातेवाइकांना त्याच संध्याकाळी पाठवता येते.

व्हॉट्सअॅपवर ती व्हिडिओ म्हणून पाठवली की आणखी दाबली जाते. दस्तऐवज म्हणून जोडली की आहे तशी जाते, २ जीबीपर्यंत.

३० ऑगस्ट

रात्रीचं भजन. मुद्रकाची जागा दोनदा बदलावी लागली. पेटीच्या समोर ठेवला तर भाताच्या फटफटीसह सुरांचा लोंढाच येतो आणि बुवांचे शब्द मागे पडतात. बुवांपासून दीड मीटरवर, पेटीच्या झाकणाच्या आडोशाला ठेवल्यावर शब्द, पखवाज आणि टाळ आपापल्या जागी बसले. कॅमेऱ्याचा आवाज फक्त जुळवणीपुरता.

भजन लांबतं. ५० मेगाबिटला १२८ जीबीच्या कार्डावर साडेपाच तासांच्या आसपास मावतं, तरी मध्यंतराच्या चहाला कार्ड बदललं. एकाच कार्डावर सगळी रात्र ठेवण्याची जोखीम कशाला घ्यायची?

१ सप्टेंबर

गौरीपूजन, मग रात्री फुगड्या. माळ बंद, दोन ट्यूब, शटर १/१००. पाय आपटण्याचा धमाका जमिनीतून ट्रायपॉडमध्ये चढतो आणि चित्र थरथरतं. तिन्ही पायांखाली चौपदरी गोणपाट घातल्यावर थांबलं. व्हाइट बॅलन्स नव्याने घेतला, कारण ट्यूबचा संच वेगळा.

२ सप्टेंबर

विसर्जन. पाऊस. कॅमेरा एसी खोलीतून थेट बाहेर काढला की भिंगावर आणि आतही दव धरतं. निघण्याच्या तासभर आधी तो बंद प्लास्टिक पिशवीत घालून पडवीत ठेवला, बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडली.

बाहेर दिवसा शटरचं कुलूप काढलं. उघड्या आभाळाखाली १/५० ठेवायचं तर भिंग इतकं बारीक मिटतं की चित्राची धार जाते. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) असेल तर १/५० ठेवता येतं, नसेल तर शटर ऑटोवर. व्हाइट बॅलन्स आउटडोअर. स्टेडीशॉट स्टँडर्ड, अॅक्टिव्ह मोड चालताना उपयोगी, पण फ्रेम कापतो आणि संधिप्रकाशात झटके देतो. व्हाळापाशी (ओढ्यापाशी) अंधारायला लागलं तेव्हा शटर पुन्हा १/५०, आणि गेनची मर्यादा न वाढवता पेट्रोमॅक्सच्या उजेडात मावेल तेवढंच घेतलं. काळोख काळोखासारखा दिसू द्यावा.

अमेरिकी कॅमेरा खळ्यातून निघतानाच्या मिरवणुकीपुरता चालला, दिवसाउजेडी त्याचं चित्र उत्तम आहे.

७ सप्टेंबर

उतरवून घेणं. कार्डावरचा प्रायव्हेट फोल्डर जसाच्या तसा, पूर्ण, उचलला. त्यातल्या एम४रूटच्या क्लिप फोल्डरमध्ये प्रत्येक एमपी४ शेजारी एक छोटी एक्सएमएल फाइल असते, तारीख आणि इतर माहिती तिच्यातही असते. नुसते व्हिडिओ ओढून घेतले की ती मागे राहते. आतल्या फाइलींची नावं बदलायची नाहीत. नाव द्यायचं ते बाहेरच्या फोल्डरला: वर्ष-महिना-दिवस, मग प्रसंग.

अमेरिकी कॅमेऱ्याचं एव्हीसीएचडी वेगळं वागतं. लांब चित्रण तो २ जीबीच्या एमटीएस तुकड्यांत तोडतो; २४ मेगाबिटला दर अकरा मिनिटांनी एक तुकडा. तुकडे एकेक करून टाइमलाइनवर ठेवले की सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो. कॅमेऱ्याबरोबरच्या सॉफ्टवेअरने उतरवले की ते जोडून मिळतात. किंवा बदल न करता बाइटला बाइट लावून जोडले तरी चालतात, कारण ती ट्रान्सपोर्ट स्ट्रीम आहे.

दोन हार्ड डिस्क, एक डोंबिवलीत, एक गावी. दोन्हींवरच्या फाइलींचे चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे हे पडताळणारे आकडे) मूळ कार्डाशी जुळल्यावरच कार्डं फॉरमॅट केली. कोकणातल्या दमट हवेत डिस्क आणि कॅमेरा दोन्ही सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत. भिंगावर एकदा बुरशी धरली की कोटिंग खाल्लं जातं.

१४ सप्टेंबर

पाहण्याच्या प्रती. मूळ फाइलींना हात लावायचा नाही. प्रत एच.२६४, १०८०/५०पी, सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) १९, आवाज एएसी ३२० किलोबिट. ६०आय च्या क्लिप एफएफएमपेग या प्रोग्रामच्या बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने प्रत्येक फील्डचं एक चित्र करून ६०पी मध्ये काढल्या. तीसवर आणल्या असत्या तर निम्मी गती गेली असती. काही एडिटिंग सॉफ्टवेअरना एमटीएसमधला डॉल्बी आवाज वाचता येत नाही, चित्र येतं आणि आवाज मुका. तिथे चित्र न छेडता फक्त आवाज पीसीएम करून नव्या वेष्टनात भरला की काम होतं.

गावच्या जुन्या टीव्हीच्या यूएसबीला ५०पी ची प्रत चालली नाही. १०८०/५०पी ला एच.२६४ ची लेव्हल (क्षमतेची पायरी) ४.२ लागते, तो टीव्ही ४.१ वर थांबतो. त्याच्यासाठी ७२०/५०पी ची वेगळी प्रत काढली. १०८०/२५पी सुद्धा चालली असती, पण फुगड्यांची गती गेली असती, म्हणून पिक्सेल सोडले आणि चित्रांची संख्या राखली. ती प्रत ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर, एफएटी३२ असल्याने प्रत्येक फाइल ४ जीबीच्या आत ठेवून, कुरिअरने गावी रवाना.